गोळीची बेल

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून डोळे मिटून बसायला सांगितलं होतं, म्हणून गणिताच्या बाईंना शेजारच्या बहीणभावाचं बोलणं नाइलाजाने ऐकावं लागलं. तशा त्या नाइलाजाने बरंच काही ऐकत.

"ताई, बाबांच्या डोळ्यांचं प्रेशर वाढलंय, ते माझ्या कृपेने."

"तू तर त्यांना गोळीची आठवण करून देणारं ॲप बनवून दिलंस ना?"

"तेच तर. तीन महिने खपलो त्यावर. गोड बेल, 'घेतली' असं हे एवढं मोठं बटण. बाबा रोज सातला बटण दाबायचे आणि मी ऑफिसात मिरवायचो."

"आणि गोळी?"

"कुंडीत."

"अरे देवा. का?"

"गोळी घेतली की सारखं बाथरूमला जावं लागतं. नेमकी तीच त्यांची बागेत जायची वेळ. मित्रमंडळी जमतात."

"मग बटण कशाला दाबायचे?"

"माझं मन मोडवेना म्हणे."

"बागेतून आल्यावर घ्यायची की गोळी."

"मी आत होतो तेव्हा डॉक्टर आत्ता तेच म्हणाले. मी आपलं धरून चाललो, बाबा विसरतात. त्यांना विचारायचं तेवढं राहिलं."

"ऑफिसात तू नक्की करतोस काय रे?"

"नव्या पोरांना शिकवतो. आधी माणसाला त्याची अडचण विचारा, मग कॉम्प्युटर उघडा."

दार करकरलं. काठीचा आवाज जवळ आला.

"झाली माझी तपासणी. चला."

"बाबा, ती सातची बेल आजच काढून टाकतो."

"ती नको रे काढू. ती वाजली की मी बागेत जायला निघतो."