दमलेला पिचर

रविवारी बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी ह्यांना ऑफिसचा फोन आला आणि सगळं तिथून सुरू झालं. हे मित्रांबरोबर कॉम्प्युटरवर बेसबॉल खेळतात. खेळाडू सगळे खोटे, पण अर्धा सीझन झाला की मिळणारी बक्षिसं खरीखुरी! बॉल टाकणारा तो पिचर. ह्यांचा पिचर आणखी एक मॅच जिंकला असता तर कप आमच्या घरी आला असता.

फोन घेऊन आत जाताना हे म्हणाले, "काही विचारलं तर सरळ 'हो' दाब."

कॉम्प्युटरने विचारलं, पिचर दमलाय, तरी खेळवू का? शेजारून इथे परदेशातच वाढलेली आमची लेक म्हणाली, "आह मॅमी, द पुअर मॅन!" मी 'नाही' दाबलं.

मॅच हरलो, कप गेला ह्यांच्याबरोबर खेळणाऱ्या, ड्रोहेडा गावच्या भाऊजींना.

हे बाहेर येऊन म्हणाले, "अगं, तो काय खरा माणूस आहे का?"

"मग दमतो कशाला?"

ह्यांनी मित्रांना मेसेजवर सगळं सांगितलं, तेवढ्यात भाऊजींचा फोन. "वहिनी, दमलेल्या खेळाडूला विश्रांती दिलीत, बेस्ट मॅनेजरचं बक्षीस आम्ही तुम्हालाच देतोय!"

तर बायांनो, आपल्या ह्या सँट्री भागात ज्यांचे नवरे हे खेळतात त्यांना एवढा निरोप द्याच. त्या खोट्या माणसावर दया केली, की घरातला खरा माणूस रुसतो, आणि मग जेवायलासुद्धा तीनदा हाका माराव्या लागतात.