हातात बसलेला माऊस

आरामदायी माऊसचं मला काही सांगू नकोस रे. आमच्या दादाला पॅरालिसिस झाला, उजवा हात गेला, तरी त्याला सोमवारी ऑफिसला जायचंच होतं. म्हणून वायरलेस कीबोर्ड-माऊस घ्यायला आम्ही दादरला गेलो. दुकानदारानं मनगटाला त्रास न देणारे तीन-चार माऊस काढले. दादानं डाव्या हातानं उजवा उचलून एकावर ठेवला, माझ्याकडे बघून म्हणाला, "हा मस्त बसतो बघ हातात."

मी खाली बघितलं. हात घसरून काउंटरच्या काचेवर पडला होता. त्याला पत्ताच नव्हता.

दुकानदारानं हळूच विचारलं, "डाव्या हाताचा दाखवू?"

दादा वैतागला. "मी काय डावखुरा आहे? हाच द्या."

दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "पॅक करा."