खरंच बिघडलेला वजनकाटा

नाही, थांबा, शटर वाजवू नका — आधी मला एक सांगा काका, हा वजनकाटा खरंच बिघडलाय ना? म्हणजे तुम्हाला कोणी पढवून पाठवलेलं नाही ना? रागावू नका, विचारावं लागतं. दाखवा जरा. हो, सुई अडकतेय — ताटली रिकामी आणि म्हणे पाव किलो. गिऱ्हाईकं भांडत असतील. तुम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीतले ना, बाहीवरच्या पिठावरून वाटलंच. बसा इथे पायरीवर. दुकान बंद आहे. ती पाटी तिनेच उलटी केलीय, मी नाही.

ती म्हणजे माझी भाची, दादाची मुलगी — टिचकी म्हणतो आम्ही तिला, तिला कुणाला टिचकी मारायची हिंमत नाही तरी. हे दादाचं गॅरेज. गाडी बिचारी उन्हात उभी असते. मी शिकून परत आले, लांब होते बरीच वर्षं, मुलांच्या खेळाचाच अभ्यास केला — आणि आले तेव्हा बघितलं, पोरगी दिवसभर टॅबलेट घेऊन बसलेली. काय बघायची? लोक वस्तू कशा दुरुस्त करतात ते. कुठला स्क्रू कशाला, सगळं तोंडपाठ, पण हातात पेचकस द्या, की हात मागे. वर्गात बाईंनी काही विचारलं की स्वतःच्या बुटांकडे बघणार. मी जेवताना भाषणच ठोकलं — मुलांना खरं काम द्या, खरी गिऱ्हाईकं द्या, गॅरेज द्या, टॅबलेट कपाटावर ठेवा. दादा म्हणाला, तुझं शिक्षण झालं, आता आमच्या पोरीवर प्रयोग होऊन जाऊ दे, बघू चार दिवस टिकतं का. पण दिलं गॅरेज. वहिनीने खणांचं टेबल दिलं, मी पाटी रंगवली — इथे वस्तू दुरुस्त होतील, विजेच्या आणू नयेत.

आणि कोणी येईना. पोर टेबलामागे बसून रस्त्याकडे बघतेय, माझ्याकडे बघतेय, कपाटाकडे बघतेय. मग एक बॅटरी आली. समोरच्या शिंपीकाकांची. ती — आता तुमच्यापासून काय लपवायचं — ती मीच बिघडवली होती. बिघडवली म्हणजे काय, आतला एक सेल उलटा घातला. तिने उघडली, फिरवला, उजेड पडला. तिचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. मग राहवलं नाही मला. ती आंघोळीला गेली की मी आपली शेजारच्यांच्या वस्तू घेऊन बसायचे — कुणाच्या छत्रीच्या मुठीचा स्क्रू ढिला कर, कुणाच्या सायकलच्या घंटीत कागदाची घडी सरकव. सगळे तयार झाले हो. शिंपीकाका तर जरा जास्तच. तू नसतीस तर आमचं काय झालं असतं, म्हणून डोळे पुसायला लागले, मला बाजूला घेऊन सांगावं लागलं की काका, छत्री आहे ती. पण पोरगी बोलायला लागली. त्यांनाच झापलं तिने, कात्री ओली का ठेवता म्हणून. ते मी शिकवलं नव्हतं. ते तिचं होतं.

मग मला हौस. शाळेच्या मोठ्या बाईंना बोलावलं, चार पालकांना बोलावलं, या, बघा, पडद्याशिवाय मूल कसं फुलतं ते. भाषण लिहिण्याच्या नादात वरच्या मजल्यावरच्या नर्सताईंचं घड्याळ बिघडवायचं राहूनच गेलं. नर्सताई आल्या, बंद पडलंय गं म्हणाल्या. टिचकीने कानाला लावलं. टिकटिक चाललीये. तिने नर्सताईंकडे बघितलं, नर्सताईंनी माझ्याकडे बघितलं, मग सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं. आणि ती एवढंच म्हणाली — आत्या, आज विसरलीस?

म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं, की त्याच क्षणी कळलं? विचारलेलं नाही मी अजून. कुठल्या तोंडाने विचारू? तिने पेचकस खणात ठेवला, पाटी उलटी केली, आणि आईला टॅबलेट खाली काढून मागितला. वहिनीने दिला.

का केलं? मुलांना पडू द्या, चुकू द्या, असं मीच लिहिलं होतं तिकडे. आमच्या सरांनी वर्गात वाचून दाखवलं होतं. आणि इथे पोर रिकामी बसलेली बघवेना मला. नाही — खरं सांगू? दादाचं म्हणणं खरं ठरेल याची भीती होती. आणि तिला जमेल असं मला वाटतच नव्हतं. तेच कळलंय तिला.

आता आत बसलीये, टॅबलेट आहे, पण आवाज येत नाहीये, ऐका. तर काका, असं करू या — वरचे स्क्रू मी ढिले करून देते, आतलं पीठ थोडं झटकते, म्हणजे तिला सोपं — बघा. बघा, पुन्हा तेच करतेय मी, तुमच्यादेखत. घेऊन जा हा इथून. नाही, थांबा, नका जाऊ — शटर उघडतंय —

टिचकी. अगं, हे बेकरीवाले काका, यांचा — नाही, मी काही केलेलं नाही, शपथ. हात लावला, हो, आत्ताच, नुसती सुई बघायला. काका, ती तुम्हाला विचारतेय, मला नाही. कधीपासून अडकते ते तिला सांगा. पडला होता का, ते सांगा... काय म्हणाली? होईल की नाही, उघडल्याशिवाय सांगता येणार नाही?

असं कधी म्हणाली नव्हती हो ती. माझ्या सगळ्या वस्तूंना नुसतं होईल, होईल म्हणायची.

जा तुम्ही आत, शटरखालून डोकं सांभाळून. मी? नाही, मला बाहेर थांबायला सांगितलंय तिने. जा. काटा इकडे नका देऊ, तिच्याकडेच द्या.