घड्याळाचे चार ठिपके

…नाही, मला एक सांगा, गोल काढा म्हटलं, काढला, काटे काढा म्हटलं, काढले, मग यात चुकलं काय? तुम्हीच सांगा! आमचे हे जन्मभर रसायनशास्त्राचे सर. हल्ली जरा विसरतात, परवा चष्मा फ्रिजमध्ये सापडला, पण चष्मा कुणाचा हरवत नाही हो? तरी मुलीनं धरून नेलंच मेंदूच्या डॉक्टरकडे. डॉक्टरीण एवढीशी, मान वाकडी करून म्हणते कशी, “आजोबाऽ, घड्याळ काढा बरं! अकरा वाजून दहा मिनिटं झालीत!”

ह्यांनी गोल काढला, हात जराही थरथरला नाही. त्यातून वर दोन रेघा, एक डावीकडे, एक उजवीकडे… अकरा-दहाला काटे असेच असतात ना? पण रेघा थांबेनात! गेल्या गोलाबाहेर, टोकांना एच आणि एच, गोलात ओ, आणि खाली ठिपक्यांच्या दोन जोड्या. झालं, घड्याळाचं पाणी झालं! ती म्हणाली, “आजोबा, बारा आकडे कुठायत?” तर हे खेकसले, “बारा कुठले? बंधांचे चार इलेक्ट्रॉन, एकाकी जोड्यांचे चार, आठ भरले की झालं! मागच्या बाकावर बसायचीस का?”

आता यात चुकलं काय? अहो, याच जोड्यांवरून हे पोरांवर ओरडत आले, “बंध सगळ्यांना दिसतात रे गाढवा! ज्या कुणाशी जोडल्या जात नाहीत त्या जोड्या कोण काढणार, तुझा काका?” ऐकून ऐकून मला पाठ झालंय! आणि हिनं दिलं शून्य! मुलगी तिथंच रडायला लागली. मी म्हटलं, रडतेस काय, पाणी बरोबर आहे!

तो कागद मी मागूनच आणला. म्हटलं, ह्यांच्याकडून तपासून घेते आणि मग जाते भांडायला. घरी आल्यावर टेबलावर ठेवला, लाल पेन हातात दिलं. ह्यांनी एकेका ठिपक्यावर पेनाचं टोक टेकवलं, बरोबरची खूण केली… काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, बघा, सगळं शाबूत आहे!

तर हे उठले. मला खुर्ची पुढे केली. आवाज एकदम अदबीचा, पालकांशी बोलायचा.

“बसा, बाई. मुलगा हुशार आहे हो तुमचा, एकाकी जोड्या विसरला नाही. घरी अभ्यास कोण घेतं, वडील का?”

मी म्हटलं… हो. वडीलच.

“उद्या त्यांना पाठवून द्या मला भेटायला.”

मी म्हटलं, बरं सर… सांगते त्यांना.