खोकला साफ पाहिजे

...अन् म्हने, "काका, तुमचा खोकला मी काढून टाकला!"

काढून टाकला? अवो, ज्या खोकल्यापुढं महागावच्या डॉक्टरनं हात टेकले, यवतमाळच्या डॉक्टरनं हात टेकले, काढे झाले, हयद-दूध झालं, शेजारच्या हंसाबाईनं छातीले कायकाय चोयलं, तो खोकला या पोट्टीनं खुर्चीत बसल्या बसल्या, बोटानं टिकटिक करून काढून टाकला! माह्या छातीतून नाई बरं, गान्यातून. छातीत तं तो जागच्या जागी हाये. तसं माह्यं काई म्हननं नाई. पन मानसाले एकडाव विचारा तं लागते का नाई? कोनाचा खोकला असा परस्पर काढते काय कोनी?

थांबा, तुमाले मुयापासून सांगतो, नाईतं तुमी म्हनसान, हे बुढं कायच्या खोकल्याचं घेऊन बसलं.

मी गोविंदा. जनम सारा महागावच्या जिनिंगमधे गेला, अन् 'काळी माती' ब्यांडमधे गातो. ब्यांड म्हनलं का लोक लगेच विचारते, "वरातीचा काय?" वरातीचा नाई हो, गिटारचा! आमचा इंद्रजितभाऊ कालेजात होता, तवा होस्टेलातून कोनाची तरी कॅसेट घेऊन आलता. त्यात अमेरिकेतला कोनी बुढा गिटार वाजवून रडून राह्यलता. इंग्रजीचा एक शब्द समजे नाई आमाले, पन त्याचं काईतरी गेलं हाये अन् ते लवकर वापस येत नाई, एवढं बरोब्बर समजलं. म्हनलं, हे तं आपलंच हाये! आपल्या इकडे काय जाते? लाईन जाते! झालं, पहिलं गानं बसवलं... "लाईन गेली वोऽऽ, डीपी जयला, अंधारात बसलो वोऽऽ..." तेच गानं आजपावतर आमाले पोसून राह्यलं.

ड्रमवर लखीराम. फुलसावंगीजवयच्या तांड्यावरचा, नंगाऱ्यावर हात बसलेला मानूस, आमी त्याले उचलून ड्रमवर बसवलं. पहिला कार्यक्रम फुलसावंगीलेच. मी तोंड उघडलं, "लाईन गेली वोऽऽ"... अन् दिवसभराची जिनिंगमधली कापसाची धूळ आली वर! ख्ख्खॉऽऽ! असा खोकलो का माईकनं शिट्टी मारली. लखीरामले वाटलं, हाच इशारा. त्यानं धाडधाड सुरू केलं, इंद्रजितभाऊनं गिटार ओढली, अन् पब्लिक पागल! तवापासून तोच कायदा. दुसरे ब्यांडवाले वन-टू-थ्री म्हनते, आमच्यात कोनी काई म्हनत नाई. लखीराम काड्या वर करून माह्याकडे पाहाते, मी खोकतो, ब्यांड सुरू होते. ब्यांडचा मालक इंद्रजित असंन, पन चाबी माह्या छातीत!

अन् मंग मिताली आली.

मिताली म्हंजे इंद्रजितभाऊची पोरगी. पुन्याले आवाजाचं शिकली. आता तुमी म्हनसान, आवाजाचं काय शिकाचं? मले बी तेच वाटलं. आली अन् आमची जुनी रेकार्ड ऐकून म्हने, "बाबा, साउंड फारच मळकट आहे हो. साफ पाहिजे." मयकट? अवो, ब्यांडचं नावच 'काळी माती' हाये, ते काय निरमा घालून वाजवाचं? पन इंद्रजितभाऊ! ज्या मानसानं एका पेटीवाल्याले "तू लय गोड वाजवतं" म्हून ब्यांडमधून काढलं, तो मानूस सिंथेसायझरपुढं पोट्ट्यावानी बसला! "गोविंदा, अबे पाय, या पट्टीत बासरी! या पट्टीत पाऊस! या पट्टीत तं बे, अख्खा व्हायलिनवाल्यांचा जमाव!"

मी म्हनलं, भाऊ, गानं आपलं लाईन गेल्याचं हाये. लाईन गेल्यावर हे कायच्यावर चालते?

तं म्हने, "तू शहाना हायेस."

तसं माह्यं काई म्हननं नाई. वाजवा बासरी. पाडा पाऊस.

मंग मितालीनं सगळ्यायच्या कानात एकएक बोंडूक खुपसलं. म्हने, आता बाहेरचं काई ऐकाचं नाई, कानात येईन तेच ऐकाचं. अन् माईकले एक डबी लावली. त्या डबीचं काम काय? तं गानं आत जाऊ द्याचं अन् कचरा बाहेर ठेवाचा. शिंक, खाकरनं, खुर्चीची करकर, सारा कचरा! म्हने, "काका, तुमचा खोकला मी काढून टाकला! तुम्ही बिनधास्त गा, मशीन बघून घेतं." आता मशीनले काय मालूम, का ज्याले ते कचरा समजून राह्यलं तो आमचा वन-टू-थ्री हाये? अन् आमच्यापैकी एकाच्याई डोक्यात आलं नाई हो, देवाशपथ! इतकी वर्सं ज्याच्यावर चाललो, त्याचा हिशेबच कोनी कधी धरला नवता.

नवरात्रात फुलसावंगीले कार्यक्रम. आरती झाली, मांडव गच्च, बाया-पोरं सारे. धूर सोडला, निये लाईट लावले, मितालीनं सिंथेसायझरवर असं काई सुरू केलं का वाटलं आता आभायातून कोनी उतरते. मी म्हनलं, "लाईन गेली वोऽऽ"... अन् खोकलो. जीव लावून खोकलो!

काईच नाई.

डबीनं खोकला खाल्ला. बाक्सातून आला नाई, कोनाच्या कानात गेला नाई. लखीराम काड्या वर करून बसला, कोनी देवीपुढं हात जोडल्यावानी. इंद्रजितभाऊ लखीरामकडे पाहे, लखीराम माह्याकडे पाहे. मी अजून एकडाव खोकलो. नाई! सारं ब्यांड थंड!

अन् तेवढ्यात पहिल्या लाइनीतून देवसिंगबुढा खोकला, आमच्या पहिल्या कार्यक्रमापासूनचा ऐकनारा. ख्ख्खॉऽऽ! त्याले वाटलं, गोविंदा विसरला. मंग त्याच्या बाजूचा खोकला. मंग बाया खोकल्या. मंग सारा मांडव, अवो सारं फुलसावंगी खोकून राह्यलं अन् ज्याच्यासाठी खोकून राह्यलं त्या लखीरामच्या कानात बोंडूक! शेवटी त्यानं ते उपटून फेकलं अन् सुरू झाला, पन तवापावतर वाट पाहून पाहून इंद्रजितभाऊ एकटाच तिसऱ्या कडव्यात पोचलता, सिंथेसायझर पावसात, अन् मी स्टेजच्या मांगं पानी पित उभा.

वाईट वाटलं हो. खरं सांगतो. मले वाटलं, झालं, आता आपलं काम संपलं. पन मनात दुसरंई आलं, का आता तरी समजलं असंन यायले! आता ते डबी फेकतीन अन् म्हनतीन, गोविंदा, तू आपला खोक.

कायचं काय! मिताली आली पयत पयत. म्हने, "काका, तुमचा खोकला म्हणजे आपल्या गाण्याची ओळख आहे! आपण तो रेकॉर्ड करू. साफ करून."

खोकल्याची रेकार्डिंग! कधी ऐकलं होतं? मले काचेच्या खोलीत उभं केलं. बाहेरून हात हालवते, "हं, काका, खोका!" आता खोकला काय सांगून येते? इतकी वर्सं बिनबोलावता आला, अन् त्या दिवशी हाक मारून मारून येईना. माही बायको शीला, तिले बोलावलं, तिनं बाजूच्या खोलीत लाल मिरचीची फोडनी देल्ली. मिताली शिंकली, इंद्रजितभाऊचे डोये वाहाले लागले, वरच्या माळ्यावरचे लोक खोकत खाली आले, मी आपला ठनठनीत! मंग शीलाचा तो नाकाले पदर बांधलेला अवतार पाहून मले हसू आलं, अन् हसता हसता आला एकदाचा. तं मिताली म्हने, "छान! आता जरा वार्म खोका." वार्म! खोकला काय चहा हाये?

अन् मंग त्याच्यातली घरघर काढली, खालून दम भरला, मांगं घुमारा लावला अन् देल्ला एका पट्टीत बसवून. बासरीच्या बाजूले. तसं माह्यं काई म्हननं नाई.

कळंबले पहिल्यांदा वाजवला. मी म्हनलं, "लाईन गेली वोऽऽ"... मितालीनं पट्टी दाबली... खॉऽऽम! असा घुमला, असा घुमला का चिंतामनीच्या देवयापावतर गेला असंन. अन् ब्यांड? एकदम! एका टायमाले! इतक्या वर्सांत आमी असे संग कधी सुरू झालो नवतो. पब्लिक नाचून राह्यली अन् मी माईकपुढं रिकाम्या छातीनं उभा. मधीच खरा आला, तं कानात मितालीचा आवाज, "काका, ओरिजिनल नको!"

खाली उतरल्यावर लखीराम बाजूले बसला. तंबाखू मयता मयता म्हने, "भिया, तुले एक सांगतो, कोनाले सांगू नको. मी त्या मशीनच्या खोकल्यावर नाई आलो. तुहा खांदा वर उठते नं खोकाच्या आंधी, त्याच्यावर आलो."

मी म्हनलं, अबे पन आज मी सुरवातीले खोकलोच नाई.

तं म्हने, "खांदा उठलता."

मी त्याच्या हातची चिमूट घेतली अन् दाढेखाली धरली. लय बरं वाटलं, लपवत नाई.

पन ते किती वेळ टिकते! घरी आलो. गानं आता जिकडेतिकडे फोनवर वाजते, शीलानं तं तोच खोकला फोनच्या घंटीले लावला. परवा सकाळी खाटेवर बसलो होतो, अन् आला... आपला, खरा, घरघरवाला. तं ही सैपाकखोलीतून, "अवो, फोन उचला नं कोनाचा तं!"

मी म्हनलं, फोन नोहे व, मी हावो.

तं बाहेर आली. हातात उलथनं. माह्याकडे खालून वरपावतर पाह्यलं. अन् म्हने, "मंग असा फाटका काहून येऊन राह्यला? त्या पट्टीतल्यावानी साफ खोका नं जरा!"

तसं माह्यं काई म्हननं नाई. दोन घोट पानी पेलो, खांदा वर घेतला... अन् साफ खोकलो.