मोरूच्या तोंडाचे चार रंग

...नाही पण, आता ह्यात मोरूचं काय चुकलं, तुम्हीच सांगा! बायकोनं विचारलं, "माज्या तोंडाला कुठला लाल शोभंल?" तर हा म्हणाला, "कुठला पन." झालं! एवढ्या दोन शब्दांवर बाई लुगड्यांचं बोचकं बांधून माहेरी! तुम्हाला सांगतो, लोकांच्या बायका दारूवरून माहेरी जातात, मारझोडीवरून जातात, सासूवरून तर रांगेनं जातात, पण ओठाच्या रंगावरून माहेरी गेलेली अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात ही पहिलीच. आणि वर वाडीतल्या बायका म्हणतात कशा, "बरं केलंन!" घ्या!

मोरू म्हणजे आमच्या शेजारचा. हरिहरेश्वराच्या अलीकडे आमची वाडी, तिथं त्याची शंभर-सव्वाशे पोफळी. माणूस एकदम सरळ. झाडाखाली उभा राहून नुसती मान वर करील आणि सांगेल, हा घड आठ दिवसांनी उतरायचा, तो पंधरा दिवसांनी. हिरवी, पिवळसर, केशरी, तांबूस केशरी... सुपारीचे सतरा रंग तोंडपाठ! आणि त्याची बायको ही राही. लग्नाला बारा वर्षं झाली, पण बारा वर्षांत तिनं स्वतःसाठी म्हणून काही मागितलेलं मोरूला तरी आठवत नाही. ती दिवाळीनंतर गेली मुंबईला, बहिणीच्या बाळंतपणाला. आता बाळंतपणाला गेलेल्या बाईनं काय बघावं? बाळ बघावं, बाळंतीण बघावी. ही बघत बसली नर्सचे ओठ! रंगवलेले ओठ हो, लाखेच्या कांडीसारखी कांडी असते, ती फिरवायची. ती नर्सही भली बाई निघाली, तिनं एक दिवस राहीच्या ओठांवर कांडी फिरवली, आरसा धरला आणि स्वतःच मान हलवली. म्हणाली, "हा माझा रंग आहे, तुझा नव्हे. तुझा वेगळा असणार." बस्स! आपलाही एक रंग आहे आणि तो आपल्याला ठाऊक नाही, हे डोक्यात घेऊन बाई आगबोटीतून परत आली.

आल्यावर तिनं दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी मोरू अंगणात सुपारी सोलत बसलेला, तर समोर येऊन उभी. "अवो, मला ती ओठाची कांडी आणाल?" तर मोरू म्हणाला, "आणू की." बघा, आणू म्हणाला! नाही म्हणाला नाही! मग तिनं ते विचारलं, कुठला लाल शोभेल म्हणून, आणि हा हातातल्या सुपारीवरची नजर न काढता म्हणाला, "कुठला पन. लाल म्हंजी लालच ना?" आता ह्यात मोरूचं काय चुकलं? हातात कोयती होती. वर बघितलं असतं तर बोट गेलं असतं!

पण पुढचे आठ दिवस, तुम्हाला सांगतो, बघवत नव्हतं. भात एकतर कच्चा, नाहीतर तळाला लागलेला. गडी सुपारीच्या ढिगापाशी बसायचा आणि सोलायचंच विसरायचा. घर नुसतं खायला उठलं त्याला. मला म्हणाला, "रात्री काय वाटत न्हाय, पन सकाळी उठलं की चुलीपाशी कोन खोकत न्हाय." राहीला धुरानं खोकला येतो ना, तो! आठवण यावी कशाची माणसाला! पण येत होती, खरंच येत होती. नवव्या दिवशी सुकी मासळी विकणारी ठमाबाई निरोप घेऊन आली. "राही म्हनली, रंग घेऊन या, मग येते. पन बगून आना. नुसता लाल आनलात, तर आल्या वाटंनं परत जा."

बघून आणा! म्हणजे काय बघून? मोरूनं आपल्या रीतीनं विचार केला. आपल्याकडे बायकोला बांगड्या आणायच्या तर तिची जुनी बांगडी न्यायची, चोळी शिवायची तर जुनी चोळी न्यायची, वहाणा आणायच्या तर पायाइतका दोरा कापून न्यायचा. माप बरोबर असलं की दुकानदार फसवत नाही. पण ओठांचं माप कुठून आणायचं? ओठ तर माहेरी गेलेले! घर शोध शोध शोधलं, आणि शेवटी एक जुनी बांगडी कनवटीला लावून, रात्रीच्या बैलगाडीनं गडी निघाला म्हसळ्याला.

म्हसळ्याच्या पेठेत अब्दुस्समदभाईंचं दुकान. अत्तर, सुरमा, साबण, लग्नाचं सगळं सामान. त्यांचा पुतण्या इक्बाल बोटीवर खलाशी, त्यानं कुठल्याशा बंदरातून अशा चार कांड्या आणून दिलेल्या, त्या वर्षभर कपाटात तशाच पडलेल्या. गिऱ्हाईक आलं म्हटल्यावर समदभाईंना कोण आनंद! "ये ये, मोरूभाऊ, बस!" मोरूनं कनवटीची बांगडी काढून फळीवर ठेवली.

"हे काय?"

"माप. तोंड सादारन येवडं उघडतं."

समदभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "हमेशा?"

"भांडताना जास्ती."

समदभाई जुने व्यापारी, हसले नाहीत. म्हणाले, "माप नको भाऊ. घरवालीचा रंग सांग. गोरी, गव्हाळ, सावळी? रंगावर रंग ठरतो." आणि तुम्हाला सांगतो, इथं मोरूची भंबेरी उडाली. "म्हंजी... चांगली हाय," म्हणाला. समदभाई म्हणाले, "चांगली हा रंग न्हाय रे भाऊ." मोरू म्हणाला, "सुपारी पिकायला लागते ना... न्हाय, तशी न्हाय. पावसात भिजल्यावर पोफळीचं खोड... न्हाय न्हाय, तसं पन न्हाय." डोळे मिटून बघितलं त्यानं. राहीचे हात दिसले, चुलीपुढं वाकलेली पाठ दिसली, पायातली जोडवी दिसली, अंबाडा दिसला... आणि तोंडाच्या जागी नुसतं कुंकू! खाली नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही. बारा वर्षं, आणि आपल्याला बायकोचं तोंड आठवेना, म्हटल्यावर घाबरला हो बिचारा! पण आता खरं सांगा, ह्यात मोरूचं काय चुकलं? तुम्ही मिटा बरं डोळे. मिटा. दिसली?... बघा! म्हणून म्हणतो, हसू नका.

शेवटी समदभाईंनीच वाट काढली. "तिचा नि तुजा रंग सारखाच काय?" मोरू म्हणाला, "असंल. दोघं येकाच उन्हात असतो." "मग तुज्याच तोंडावर लावून बघ की." आणि आरसा पुढं ठेवला.

आता मोरूला काय ठाऊक, ती कांडी खालून फिरवली की वर येते? त्यानं झाकणच ओठांवर घासलं. मग समदभाईंनी फिरवून दिली, तर ह्यानं राखुंडीनं दात घासावेत तशी खसाखसा घासली. ओठ राहिले बाजूला, दात शेंदरी झाले! समदभाई म्हणाले, "अरे हळू! इक्बाल सांगायचा, मडमा आधी असं तोंड करतात," आणि त्या पांढऱ्या दाढीच्या माणसानं शीळ घालावी तसे ओठ काढून दाखवले. मग मोरूनं काढले. मग दोघं समोरासमोर तसेच बसलेले, आणि दुकानात शिरला समोरचा भागोजी न्हावी! गिऱ्हाईकाच्या अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून आलेला. त्याच्यामागून ते अर्ध्या गालाचं गिऱ्हाईक. त्याच्यामागून अर्धी पेठ.

पहिला रंग शेंदरी. तो पुसायला गेला तर पुरता निघेना. मग काय करणार, रंग चार आणि तोंड एक, तेव्हा चार भावांत बाग वाटावी तशी मोरूनं तोंडाची वाटणी केली. वरच्या ओठाचा उजवा हिस्सा शेंदरी, डावा गुलाबी. खालच्याचा उजवा कुंकवासारखा भडक, आणि डावा कोकमाच्या आगळासारखा, काळपट लाल. मधे मिशी आडवी! वडील थोरल्या भावाकडे असले तरी हयात आहेत, मिशी काढायची सोय नाही, त्यामुळे वरचा गुलाबी जेवढा ओठावर तेवढाच मिशीत. आणि लोक काय गप्प बसतात? भागोजी म्हणतो, "मला इचारशील तर गुलाबी." गिऱ्हाईक म्हणतं, "गुलाबी बायकी दिसतो." अहो, बाईसाठीच घ्यायचाय ना! एक म्हातारा म्हणाला, "चारी राहू दे, सणासारखं वाटतं." मोरू वैतागला. म्हणाला, "लाल म्हंजी लाल, द्या तो कुंकवाचा!" कांडी बंडीच्या खिशात टाकली. समदभाई खोबरेलाची बाटली घेऊन, "अरे, तोंड तरी पूस," म्हणत मागं धावले, पण ह्यानं तोंडाला पंचा गुंडाळला आणि चालू पडला. बांगडी फळीवरच राहिली.

सासुरवाडी तिथून दीड कोस. वाटेत कोण भेटावं? ठमाबाई! टोपली डोक्यावर, आणि आवाज पार खाडीपल्याड जाणारा. "काय रं मोरू, दाढ दुकते?" मोरूनं मान हलवली. "लवंग दाबून धर! कुटली? वरची का खालची?" मोरूनं नुसता हात फिरवला. "अगं बया, सगळीच!" म्हणत ती पुढं गेली, आणि पुढच्या दोन वाड्यांत मोरूच्या सगळ्या दाढा गेल्याची बातमी त्याच्या आधी पोचली.

त्यामुळे सासूबाई, सोनाबाई, दारातच काळजीनं उभ्या. पाय धुवायला पाणी दिलं, बसायला घोंगडी घातली, गूळपाणी पुढं केलं. आता जावयानं गूळपाणी घ्यायचं तर पंचा काढायलाच हवा! मोरूनं काढला. सोनाबाईंच्या हातातला तांब्या पडला. "जावयबापू! माजी पोर हितं नऊ दिस धड जेवली न्हाय, नि तुमी विडं रंगवत फिरताय?" मोरू म्हणाला, "विडा न्हाय वो." "मग काय हाय?" आता काय सांगणार? न्हावी सांगणार, की शीळ सांगणार? अहो, माणूस बायकोसाठी भर पेठेत तोंड रंगवून घेतो, आणि बोलणी त्यालाच! ह्यात मोरूचं काय चुकलं?

आवाज ऐकून राही बाहेर आली. हातात सूप, अंगावर कोंड्याची धूळ. आणि मोरू, तुम्हाला सांगतो, कांडी द्यायची विसरून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. सावळी होती. डोळ्यांखाली जरा जास्तच सावळी. नाकाच्या डाव्या बाजूला एक तीळ. हा तीळ कधी आला? आधीपासूनच असणार, तीळ काय नऊ दिवसांत येतो? मोरूला एकदम भरून आलं.

"काय बगताय?" राही म्हणाली.

"रंग."

"मग बारा वर्सं कुटं व्हतात?"

"सुपारीत," मोरू म्हणाला. खोटं बोलायची अक्कलच नाही माणसाला!

मग त्यानं खिशातली कांडी पुढं केली, तशी राहीनं ती घेतली, भिंतीवरच्या आरशासमोर गेली, आणि दोनदा हात फिरवून लावून मोकळी. न घासता, न सांडता. वळली. आता कुंकवासारखा तो रंग, आणि ते शांत सावळं तोंड... ओठ आधी आले आणि राही मागून आली. सोनाबाईंनी सुद्धा तोंडाला पदर लावला. राहीनं स्वतःच आरशात परत एकदा बघितलं, हसली, आणि पदरानं घासून घासून पुसून टाकलं. मोरूला एकदम आठवलं. नुसता लाल आणलात तर आल्या वाटेनं परत जा, असा निरोप होता ना! आता परत एकट्यानं घरी जायचं, परत तो कच्चा भात, परत सकाळी चुलीपाशी कोणी खोकत नाही... डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या.

राही जवळ आली. आईसमोर हो! हनुवटी धरली त्याची, तोंड दाराच्या उजेडाकडे फिरवलं, आणि चारी हिस्से एकेक करून बघितले. शेंदरी बघितला, गुलाबी बघितला, मिशीतला पण बघितला. मग खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर, त्या आगळाच्या रंगावर, हळूच बोट ठेवलं.

"ह्यो. ह्यो माजा."

मोरूनं तिच्याकडे बघितलं, आणि त्यालाही दिसलं. तोच होता. आठ दिवसांनी उतरायची सुपारी जशी त्याला खालून दिसते, तसं अगदी स्वच्छ दिसलं. "घरी येतीस ना?" त्यानं विचारलं.

"येते की. बोचकं मी कालच बांधलंय," राही म्हणाली. "पन आदी ही कांडी बदलून आना."

"उद्या आनतो."

"आत्ता जा. नि तोंड पुसू नका. तुमाला रंगाचं नाव सांगता यायचं न्हाय, दुकानात तोंडच दाकवा."

मोरूनं पंचा उचलला. तर तिनं तो हातातून काढून घेतला. "झाकू नका, घामानं पुसंल. नि ओठ मिटू नका, येकात येक मिसळतील."

निघाला बिचारा. दीड कोस, भर दुपारी, तोंड उघडं ठेवून.