तिनं आपणहून लिहिलेली ओळ

हॅलो?… हो, मीच. बोल गं… अगं, हळू! ऐकू येतंय मला.

कोर्टाची नोटीस? आली ना. मीच सही करून घेतली. आधी तुझ्या दादानं वाचली, मग मी चष्मा लावून वाचली. दोनदा.

हो, वहिनीनंच अर्ज केलाय… बरं बाई, आता नाही तुझी वहिनी. माझी नऊ वर्षं सून होती, जीभ तिकडेच वळते. घटस्फोटाला सहा वर्षं झाली, ठाऊक आहे मला.

पोरीची पोटगी वाढवून कशाला म्हणजे? आपल्या पोपटासाठी!… तुझ्या भाचीसाठी गं, दुसरा कोण पोपट आपल्याकडे? कानातलं यंत्र पुरेनासं झालंय तिला. डॉक्टरांनी दोन्ही कानांना नवीन सांगितलंय… नाही, चैनीचं एक अक्षर नाही त्यात. यंत्राचा निम्मा खर्च, बस्स. उलट बसभाडं कमी करा म्हणून लिहिलंय, पोरगी आता सायकलनं शाळेत जाते… हो, खरंच लिहिलंय!

तिचा पगार?… थांब, थांब. ते तू शोधून काढलंस होय? छे, नोटिशीतच आहे. चष्म्याच्या दुकानात काचा घासायची ना ती, आता काचा घासायच्या त्या विभागाची मुख्य झालीय. पाच माणसं हाताखाली. कुणी विचारलं नव्हतं, तरी लिहिलंय, 'माझं उत्पन्न वाढलं आहे, तेव्हा शाळेच्या खर्चातला माझा वाटाही वाढवावा.' तिच्या वकिलानं कपाळाला हात लावला असेल…

हसू नकोस. भोळी नाही ती. भोळी असती तर तुझ्याशी पटलं असतं तिचं… बरं, बरं, गंमत केली.

हो, हो… अगं ऐक ना! काल काय शिकवलंस दादाला? 'तिचा पगार वाढला, तेव्हा आपणच रक्कम कमी करून मागू'?… वकील म्हणेल तसं, त्याचं कामच ते. पण ज्या ओळीवर बोट ठेवून तुम्ही भांडणार, ती तिनंच आपणहून लिहून दिलीय. तिच्या खरेपणाचीच काठी करून तिच्या पाठीत घालायची? आणि लागणार कुणाला? पोरगी वर्गात बाईंचे ओठ वाचत बसते गं…

नाही, मी त्याला एका शब्दानं बोलले नाही. नोटीस तेवढी त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

घरीच आहे. सकाळपासून कोर्टात भरून द्यायच्या त्या उत्पन्नाच्या फॉर्मसमोर बसलाय… थांब, हाक मारतोय. काय रे?… कुठल्या?… कपाटात बघ, वरच्या खणात, रबर लावून ठेवल्यात.

काही नाही गं. ओव्हरटाइमच्या पावत्या हव्यात त्याला… हो, त्याच, कोर्टाला ठाऊक नसलेल्या… मी कशाला अडवू? देऊ का फोन त्याला?… नको म्हणतोय. लिहितोय म्हणे.

बरं, ठेवते मी. पावत्या वाचून दाखवायच्यात त्याला, एकही सुटायला नको.